स्ट्रिप कापली, क्यूआर गेला

आज आधी एक काम करा आणि मग हा लेख वाचा. घरातला औषधांचा डबा उघडा. बहुतेक घरांत तो श्रीखंडाचा किंवा बिस्किटांचा जुना डबा असतो. त्यातली चार गोळ्यांची, तीन गोळ्यांची कापलेली पट्टी हातात घ्या आणि सांगा: गोळी कोणती, कंपनी कोणती, बॅच नंबर काय, मुदत कधी संपते?

नाही ना सांगता येत? माझ्या दवाखान्यात रोज हेच होतं. पेशंट पिशवी उलटी करतात, टेबलावर चांदीच्या रंगाचे दहा तुकडे पडतात. एकावर नुसतं "...प्राझोल ४०", दुसऱ्यावर "...mg". वरची अक्षरं दुकानात राहिली. मग मी गोळीचा रंग आणि आकार बघून अंदाज बांधत बसतो. तीस वर्षं प्रॅक्टिस करून मी आता रंग ओळखण्यात बराच तयार झालो आहे, पण वैद्यकशास्त्र हे नव्हे.

आता गंमत बघा. ज्या तुकड्यावर काहीच नाही, त्याच्या मूळ पट्टीवर किंवा खोक्यावर कदाचित क्यूआर कोड होता. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणं केंद्र सरकारने सक्तीचं केलं आहे. डोलो, कॅलपॉल, ऑगमेंटिन, थायरोनॉर्म, अ‍ॅलेग्रा ही तुमच्या ओळखीची नावं त्या यादीत आहेत. त्या कोडमध्ये औषधाचं मूळ नाव, ब्रँड, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत आणि परवाना क्रमांक असायला हवा. म्हणजे तुम्ही मोबाईल धरला की सगळी कुंडली समोर.

दोन वर्षं होऊन गेली. मी माझ्या पेशंटना विचारत असतो, "कधी स्कॅन केलंत का?" भाजीवाल्याला पैसे देताना दिवसातून पाच वेळा स्कॅन करणारी माणसं माझ्याकडे बघून हसतात. औषधावर असा कोड असतो हेच बहुतेकांना माहीत नाही. आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्या हातात कापलेली पट्टी आहे.

मला या लेखात भांडायचं आहे ते इथेच. नवीन तंत्रज्ञानाने औषधांच्या पुरवठ्यात केवढं "मूल्य" निर्माण झालं, याची व्याख्यानं मी बरीच ऐकली आहेत. मागे एका हॉटेलात असं एक सत्र होतं, जेवण उत्तम होतं. पडद्यावर चित्र होतं: कारखाना, डेपो, स्टॉकिस्ट, दुकान आणि सगळ्यात उजवीकडे टोकाला, बाण संपतो तिथे, एक छोटासा माणूस. मथळा होता "पेशंट केंद्रस्थानी". मी शेजारच्या डॉक्टरांना म्हटलं, केंद्र बहुधा पडद्याच्या बाहेर असावं.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, उलट. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा एखादं विशिष्ट इन्सुलिन मागवलं तर चार दिवस लागायचे. आज संध्याकाळी सांगितलं तर रात्री घरी येतं. दुकानदाराच्या संगणकाला कळतं की कोणत्या बॅचची मुदत संपत आलीय, तो माल वेळेत कंपनीला परत जातो, त्याचं नुकसान टळतं. कंपनीला कळतं की कोणत्या जिल्ह्यात काय खपतंय. ॲपला कळतं की तुमची रक्तदाबाची गोळी परवा संपणार. हे सगळं मूल्यच आहे. प्रश्न एवढाच, की ते कुणाच्या खिशात गेलं? साखळीतल्या प्रत्येक कडीला आपला वाटा मिळाला. शेवटच्या कडीला, म्हणजे तुम्हाला, खाकी पाकिटात चार गोळ्या मिळाल्या.

एक प्रसंग सांगतो. यात माझीही चूक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

माझे एक पेशंट आहेत, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांना आपण काका म्हणू. पंधरा वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं मिश्र इन्सुलिन, पथ्याला कडक माणूस. गेल्या वर्षी अचानक उपाशीपोटीची साखर २३० च्या आसपास जाऊ लागली. मी विचारलं, "काका, आंबे चाललेत का?" ते दुखावले. "डॉक्टरसाहेब, साखरेचा दाणा नाही तोंडात." मी डोस वाढवला. पंधरा दिवसांनी पुन्हा वाढवला. सकाळचे २० युनिट २८ वर गेले, रात्रीचे १२ चे १८. साखर तिथेच. तिसऱ्या खेपेला मला सुबुद्धी झाली आणि म्हटलं, बाटली घेऊन या.

बाटली हातात घेऊन हलकेच फिरवली. मिश्र इन्सुलिन फिरवलं की दुधासारखं एकसारखं व्हायला पाहिजे. यात बारीक गुठळ्या होत्या, काचेला पांढरे कण चिकटलेले होते. हे इन्सुलिन कधीतरी गोठलं होतं. गोठून वितळलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं असतं, ते नीट मिसळत नाही आणि प्रत्येक सुईत वेगळा डोस जातो. काका बाटली फ्रिजच्या दारात ठेवत होते, अगदी मी सांगितलं होतं तशी. मग गोठलं कुठे? दुकानदार भला माणूस, त्याने लगेच बाटली बदलून दिली. पण कुठे गोठलं, हे त्याला सांगता येईना. त्याने स्टॉकिस्टकडे बोट दाखवलं, स्टॉकिस्टने वाहतुकीकडे. प्रत्येकाच्या फ्रिजवरचा काटा पाच अंश दाखवत होता. गुन्हा घडला होता आणि सगळे निर्दोष होते.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. नवीन, चांगली बाटली मिळाली त्या दिवशी मी दवाखान्यात नव्हतो. काकांनी फोन न करता वाढवलेलाच डोस घेतला, रात्रीचे १८ युनिट. रात्री साडेअकराला त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते असंबद्ध बोलू लागले. मुलाने साखर तपासली, ४६. त्याने पटकन साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. घरात एकटे असते तर? बाटली बदलली की डोस पुन्हा ठरवायचा, हे मी आधीच बजावून ठेवायला हवं होतं. ते माझं चुकलं.

आता मला सांगा, याला उपाय नव्हता का? होता, आणि तो नवीनही नाही. पोलिओच्या डोसाची बाटली तुम्ही कधी जवळून पाहिली आहे का? तिच्यावर एक छोटं जांभळट वर्तुळ असतं आणि आत एक फिका चौकोन. बाटलीला जसजशी उष्णता लागते तसतसा तो चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की लस बाद. वीज नको, इंटरनेट नको, शिक्षणही फार नको. हे लेबल पोलिओ लसीवर १९९६ पासून आहे. पाड्यावरची आशाताई ते बघून लस द्यायची की नाही हे ठरवू शकते. हा चौकोन उष्णता सांगतो, गोठणं सांगत नाही. पण गोठलं का हे दाखवणारे वेगळे निर्देशकही आहेत आणि लसींच्या पेट्यांमधून ते फिरतात. शिवाय आपल्या सरकारी लसीकरणात आता ईविन नावाची व्यवस्था आहे. लस साठवण्याच्या फ्रिजमध्ये सिमकार्ड असलेला तापमापक बसवतात, तापमान बिघडलं की जबाबदार माणसाच्या मोबाईलवर संदेश जातो. कुठल्या केंद्रात किती लस शिल्लक आहे तेही दिसतं.

म्हणजे सरकारी केंद्रात फुकट मिळणाऱ्या लसीवर पहारा आहे, आणि काका स्वतःच्या पेन्शनमधून विकत घेतात त्या इन्सुलिनच्या बाटलीवर साधा रंगीत ठिपकासुद्धा नाही.

असं का? मी यावर बराच विचार केला आहे. लसीचा खरेदीदार मोठा असतो. सरकार आणि युनिसेफ कोट्यवधी डोस एकदम घेतात. त्यांनी सांगितलं की लेबल लावा, की कंपनी लावते. इन्सुलिनचा खरेदीदार म्हणजे काका आणि त्यांच्यासारखी लाखो सुटी माणसं. ती काउंटरवर उभी राहून काय अट घालणार? तंत्रज्ञान पुरवठा साखळीत मूल्य निर्माण करतं हे खरंच आहे, पण ते मूल्य जो मागू शकतो त्याच्याकडे जातं. न मागणाऱ्याकडे आपोआप ओघळत जात नाही. व्याख्यानांमध्ये ही एक गोष्ट कुणी बोलत नाही.

मागणारा जबर असला की काय होतं त्याचं उदाहरण आफ्रिकेतल्या रवांडाचं घ्या. डोंगराळ देश, बाळंतिणीला रक्तस्राव झाला तर जिल्ह्याच्या रुग्णालयात हव्या त्या गटाचं रक्त नसायचं, म्हणून रुग्णालयं जास्तीचा साठा करायची आणि तो मुदत संपून वाया जायचा. २०१६ पासून तिथे सरकारने ड्रोनने रक्त पोहोचवायला सुरुवात केली. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की रक्त लवकर पोहोचतंच, पण मुदत संपून फेकल्या जाणाऱ्या पिशव्याही वर्षभरात सुमारे ६७ टक्क्यांनी कमी झाल्या. हे मूल्य. ते मोजता येतं आणि ते बाळंतिणीपर्यंत पोहोचतं. आपल्याकडेही २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावी ड्रोनने कोविडची लस नेली होती. फोटो छान आले होते.

आता पुन्हा क्यूआर कोडकडे येऊ, कारण इथे तुमची थोडी फसगत होते. कोड दिसला की लोकांना वाटतं औषध अस्सल आहे. तसं नाही. कोड हे छापलेलं चित्र आहे. ज्याला अख्खं खोकं हुबेहूब छापता येतं त्याला कोडही छापता येतो. युरोपातल्या बहुतेक देशांत ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या प्रत्येक खोक्याला स्वतंत्र क्रमांक असतो. फार्मासिस्ट ते खोकं देताना स्कॅन करतो आणि तो क्रमांक यादीतून बाद होतो. तोच क्रमांक पुन्हा कुठे आला तर घंटा वाजते. आपल्या नियमात प्रत्येक खोक्याला वेगळा क्रमांक हवा आणि दुकानात तो तपासलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. युरोपने कुलूप बसवलं, आपण दारावर नावाची पाटी लावली. पाटीही उपयोगी असते, पण तिला कुलूप म्हणू नका.

आणि कुलूपही सगळ्याच चोऱ्या थांबवत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. छिंदवाडा नागपूरपासून फार दूर नाही, काही मुलं उपचारासाठी नागपूरलाच आणली होती. साधी सर्दी-खोकल्याची पोरं, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. कोल्ड्रिफ नावाचं सिरप घेतलं, लघवी बंद झाली, मूत्रपिंडं गेली. वीसहून अधिक मुलं दगावली. तमिळनाडूत तयार झालेल्या एसआर-१३ या बॅचमध्ये तिथल्या प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं. हे औद्योगिक वापराचं विष आहे, औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. (जाता जाता: चार वर्षांखालच्या मुलांना या प्रकारचं मिश्रण देऊ नये असं केंद्राने २०२३ मध्येच सांगितलं होतं. मुलांना खोकल्याचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका.)

मुंबईला हे विष नवीन नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात चौदा पेशंट गेले, कारण डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब कमी करायला दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये हेच मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने कारखान्यापासून रुग्णालयाच्या खरेदीपर्यंतच्या सगळ्या साखळीची चिरफाड केली. तेव्हा कोड नव्हते, ड्रोन नव्हते, ॲप नव्हतं. आज सगळं आहे आणि विष तेच आहे. ते पिंपातून येतं आणि पिंपातलं द्रावण तपासल्याशिवाय सापडत नाही. ब्लॉकचेन नावाच्या नव्या वहीत ते पिंप नोंदवलं असतं तर तारीख, वेळ, वाहन सगळं अचूक नोंदवलं गेलं असतं, आत काय आहे ते सोडून. कच्च्या मालाची चाचणी ही कंटाळवाणी, खर्चिक आणि फोटो न येणारी गोष्ट आहे. म्हणून ती टाळली जाते.

पण समजा विष निसटलं आणि घरोघरी पोहोचलं. मग तरी तंत्रज्ञानाने धावायला नको का? महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा एसआर-१३ बॅच वापरू नका असं जाहीर आवाहन केलं. ते बातम्यांमधून आलं, व्हॉट्सॲपवर फिरलं. ज्या आईच्या स्वयंपाकघरात बाटली आहे तिने ते वाचलं तर वाचलं. ॲपवरून औषध घेणाऱ्या माझ्या पेशंटना मी विचारलं: "तुमची गोळी संपत आली, १५ टक्के सवलत" असे संदेश किती येतात? रोज. "तुम्ही घेतलेली बॅच खराब निघाली, घेऊ नका" असा संदेश कधी आला? एकालाही आठवत नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जाच्या चाचणीत नापास झालेल्या औषधांची यादी बॅच नंबरसह प्रसिद्ध करते. तुमचा नंबर ॲपकडे आहे, तुमच्या बिलावरचा बॅच नंबर त्यांच्या संगणकात आहे, नापास बॅचची यादी संकेतस्थळावर आहे. तिन्ही जोडणं हे एखाद्या इंजिनिअरचं आठवडाभराचं काम असेल. जो संगणक तुम्हाला परत विकण्यासाठी ओळखतो, त्याने तुम्हाला सावध करण्यासाठीही ओळखायला पाहिजे. मी म्हणतो हे परवान्याच्या अटीतच घाला.

माझे काही केमिस्ट मित्र हे वाचून रागावतील. ते म्हणतात, "डॉक्टर, गर्दीच्या वेळी एकेक खोकं स्कॅन करत बसलो तर रांग रस्त्यावर जाईल." दुसरा मुद्दा त्यांचा अधिक खरा आहे: पेशंटच तीन गोळ्या मागतो, अख्खी पट्टी परवडत नाही. मान्य. रोजंदारीवरच्या माणसाला दहा गोळ्या घ्यायला मी सांगणार नाही. पण मग पट्टीची रचना बदला. प्रत्येक गोळीच्या मागे नाव, बॅच आणि मुदत छापा. मोठ्या संगणकाची गरज नाही, थोडी जास्त शाई लागेल. आणि रांगेचं म्हणाल तर, पैसे घ्यायला स्कॅन करताना रांग कधी अडली नाही.

कंपन्या म्हणतात, लोक स्कॅन करत नाहीत. बरोबर आहे, करत नाहीत. कारण केल्यावर जे उघडतं ते बारीक इंग्रजीत असतं. मराठीत दोन ओळी यायला काय हरकत आहे: हे औषध कशाचं, बॅच ठीक आहे की परत मागवलीय? सातबारा मोबाईलवर मराठीत येऊ शकतो, तर गोळीची माहिती का नाही?

तोवर तुम्ही काय करायचं? कापलेली पट्टी घेताना ज्या बाजूला मुदत आणि बॅच छापली आहे ती बाजू मागा, नाही मिळाली तर मोबाईलने मूळ पट्टीचा फोटो काढा. केमिस्ट नाही म्हणणार नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो, आणि औषध संपेपर्यंत ते बिल डब्यातच ठेवा. इन्सुलिन घेताना ते दुकानाच्या फ्रिजमधून काढताना बघा, घरी नेताना बर्फाला थेट चिकटवू नका, आणि दुधाळ इन्सुलिनमध्ये गुठळी दिसली किंवा पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसलं तर टोचू नका. साखर विनाकारण वाढली तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना बाटली दाखवा. आम्ही विचारलं नाही तरी दाखवा. नवीन बाटली सुरू केली की दोन-तीन दिवस साखर जास्त वेळा तपासा.

औषधाने विचित्र त्रास झाला तर देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. औषधाच्या दर्जाबद्दल शंका असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५. फोन करताना ते पहिल्यांदा बॅच नंबरच विचारतील.

काका आता बरे आहेत, सकाळचे २० आणि रात्रीचे १२ युनिट. बाटली घेतली की काउंटरवरच ती उजेडात धरून फिरवून बघतात. दुकानातली पोरं त्यांना बघून हसतात, पण आता त्या दुकानात फ्रिजच्या आत एक छोटा तापमापक टांगला आहे आणि शेजारी वही, सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांची. मी विचारलं, ही कुणाची कल्पना? दुकानदार म्हणाला, "त्या एसटीवाल्या काकांची. रोज येऊन विचारायचे."